थांबवण्याची घाई

रविवारच्या सकाळी चहाचा कप हातात असताना जुलाबाविषयी वाचायला कोणालाच आवडणार नाही. विषय अप्रिय आहे, हे मान्य करूनच सुरुवात करतो. पण मृग लागला, पहिला पाऊस पडला, नाल्यांना गढूळ पाणी आले आणि विहिरीत ‘नवं पाणी’ उतरले, की आमच्या वऱ्हाडात घरोघर कोणाचे ना कोणाचे पोट बिघडते. चारचौघांत न बोलण्याचा हा विषय त्या दिवसांत प्रत्येक घरात असतो. बोलत नाही म्हणूनच त्याच्याबद्दलचे अज्ञानही आपल्यात सुखाने नांदते. त्या अज्ञानात माझाही एक वाटा आहे. तो आज जाहीरपणे मान्य करावा, म्हणून हा लेख.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होतो. उमेदीची बरीच वर्षे आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यांवर गेली. तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशिम वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. बँकेचा पीककर्जाचा हंगाम आणि हगवणीचा हंगाम एकाच महिन्यात येतो. पेरणीसाठी पैसे हवेत म्हणून शाखेत पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कॅशिअरचे पोट बिघडलेले असते. आता कॅशिअरला पिंजऱ्यातून उठता येत नाही. उठायचे तर रोकड मोजून बंद करायची, कुलूप लावायचे, आणि बाहेर पन्नास माणसे ‘साहेब कुठी गेले?’ म्हणून उभी. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. त्यामुळे त्याने रजा टाकली तर शाखेची अडचण आणि मी टाकली तर त्याची. यावर आम्ही एक उपाय शोधून ठेवला होता. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, स्टॅम्पपॅडच्या शेजारी, बारीक पांढऱ्या गोळ्यांची एक पट्टी कायम असे. एक घेतली की तासाभरात पोट गप्प. वाशिमहून मालेगाव-मेडशी-पातूरमार्गे अकोल्याला जाणाऱ्या एस.टी.त बसायचे असले, तरी तीच गोळी. या गोळीवर माझा तिजोरीइतका विश्वास होता.

१९८७ च्या जुलैतली गोष्ट. मानोरा तालुक्यातल्या एका गावचा शेतकरी कर्जाच्या कागदांवर अंगठा द्यायला आला होता. सोबत बायको आणि तिच्या कडेवर चौदा महिन्यांचे मूल. मूल सारखे रडत होते. तिचे लुगडे दोनदा भिजले, तेव्हा रांगेतली माणसे कुरकुरू लागली. "लेकराले दोन दिवसापासून हगवण हाये, साहेब," तो ओशाळून म्हणाला. मी खण उघडला. पट्टीतल्या दोन गोळ्या कापून त्याच्या हातावर ठेवल्या आणि मोठ्या जाणकारीने सांगितले, "आता अर्धी द्या, संध्याकाळी अर्धी. उद्या गरज पडली तर पुन्हा." लहान मूल आहे म्हणून अर्धी, एवढे माझे वैद्यकशास्त्र. त्याने हात जोडले. मला त्या दिवशी फार बरे वाटले होते, हे मुद्दाम सांगतो. खेड्यातल्या साहेबाला असे बरे वाटण्याचे प्रसंग रोज येतात.

आठवड्याने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पैसे काढायला आले. त्यांचे खाते आमच्याकडे होते. चहा घेताना ते चिडून बोलत होते. एक मूल आणले होते; पोट नगाऱ्यासारखे ताठ, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, गुंगीत. आईबाप म्हणत होते, जुलाब तर परवाच थांबले, मग हे काय झाले? "आतडी हलतच नव्हती हो. सगळं पाणी आत साचलेलं. कोणत्या तरी शहाण्याने मोठ्या माणसाची गोळी दिली होती. बाप नाव सांगेना. मेडिकलमधून आणली म्हणाला." सलाईन लावून, रात्रभर श्वासावर लक्ष ठेवून त्यांनी ते मूल वाचवले होते. मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला आणि काही बोललो नाही.

पुढे तो शेतकरी आला. मी नजर चुकवत होतो. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या गोळीनं लगेच थांबलं होतं. मंग बिघडलं, ते आमचं नशीब." त्याने डॉक्टरसमोर माझे नाव लपवले होते, आणि वर माझे आभार मानत होता. ते आभार मी घेतले. खरे त्याला तेव्हाही सांगितले नाही आणि नंतरही नाही. तो आता हयात नाही.

ही गोळी करते काय, हे मी पुष्कळ उशिरा समजून घेतले. तिचे मूळ अफूत आहे. अफू दिली की पोट बांधते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. तिच्यात अफू असे. मूल झोपून राही, रडत नसे आणि दुपटीही कमी भिजवी. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे एक जाळे असते. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा ते चालवते. अफूच्या वर्गातले औषध त्या जाळ्यावर जाऊन बसते आणि लाटा मंदावतात. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेने १९५६ मध्ये डायफेनॉक्सिलेट आणि १९६९ मध्ये लोपेरामाइड ही औषधे तयार केली, ती याच तत्त्वावर. पहिल्याची कोणी नशेसाठी सवय लावून घेऊ नये म्हणून त्यात थोडे अ‍ॅट्रोपिन मिसळतात. जास्त गोळ्या घेतल्या की तोंड कोरडे पडते, छाती धडधडते आणि नकोसे होते. दुसरे औषध नेहमीच्या मात्रेत मेंदूपर्यंत फारसे पोहोचत नाही, म्हणून ते मोठ्या माणसाला सुरक्षित वाटते. तान्ह्या मुलाच्या मेंदूची ही राखण मात्र अजून कच्ची असते. त्याला गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो, आतडे लुळे पडू शकते.

मुलतानमध्ये नेमके तेच घडले. पाकिस्तानातल्या त्या शहरात लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या मुलांची आतडी लुळी पडली आणि काही मुले दगावली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत आली, बोभाटा झाला आणि उत्पादक कंपनीला मुलांसाठीचे थेंब बाजारातून काढून घ्यावे लागले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या जुलाबात कोणती औषधे द्यावीत आणि कोणती नाहीत, यावर एक पुस्तिकाच काढली. आतड्याची हालचाल मंदावणाऱ्या औषधांना मुलांच्या उपचारात जागा नाही, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. आपल्या केंद्र सरकारनेही लहान मुलांसाठी बनवलेल्या अशा औषधांवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण बंदी आली ती बाटलीवर. माझ्या खणातल्या अर्ध्या कापलेल्या गोळीवर ती कशी येणार?

या गोळीचे खरे रूप मला बँकेच्याच भाषेत समजते. आमच्याकडे ‘नवं-जुनं’ नावाचा प्रकार चालतो. मार्चअखेर आला की थकलेले कर्ज फेडल्याचे दाखवायचे आणि त्याच दिवशी त्याच माणसाला तेवढेच, व्याजासकट, नवे कर्ज द्यायचे. खाते स्वच्छ दिसते. वरिष्ठ खूश, शेतकरीही तात्पुरता मोकळा. घरात दाणा वाढलेला नसतो, बुडीत गेलेली रक्कम बुडीतच असते. फक्त वहीत ती दिसेनाशी होते. मुलाच्या पोटात गोळी तेच करते. जुलाबात अंगातले पाणी आणि क्षार आतड्यात पाझरत असतात. गोळीने तो पाझर पुरता बंद होत नाही, बाहेरचे दार तेवढे लागते. पाणी पोटात साचते, जंतू आणि त्यांचे विषही तिथेच मुक्काम करतात. दुपटे कोरडे राहते. आई म्हणते, थांबले. अंगातली शिल्लक मात्र कमी होतच असते.

मग उपाय काय? तो सर्वांना ठाऊक आहे आणि त्यातच सगळी अडचण आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच रोग्याला पाजायला सांगितले. तिथला मृत्यूचा दर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ मध्ये गेले. सरकारने पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

शोधातली खुबी साधी आहे. जुलाब चालू असताना नुसते मीठ-पाणी आतडे नीट आत घेत नाही. सोबत साखर असेल तरच मिठाला प्रवेश मिळतो, आणि मिठामागोमाग पाणी जाते. साखर येथे मिठाला जामीन राहते, असे मी म्हणेन. जामीनदार नको तितका मोठा झाला तरी व्यवहार बिघडतो: साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते. म्हणून प्रमाण सांभाळायचे. दवाखान्यातली जलसंजीवनीची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात सबंध घालावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातले गोड रंगीत डबे म्हणजे जलसंजीवनी नव्हे. असल्या पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ ही अक्षरे छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी.

इतका स्वस्त आणि सिद्ध उपाय असून आपला हात गोळीकडे का जातो? कारण जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. हे आपण आईला कधी सांगतच नाही. ती पाजते, मूल पुन्हा घाण करते, ती पुन्हा पाजते, पुन्हा तेच. तिला वाटते, पाण्याने आणखी वाढले. मग ती पाणीच बंद करते. ‘पोटाला आराम’ म्हणून अंगावरचे दूधही तोडते. शेजारीण विचारते, थांबले का? सासू विचारते, थांबले का? कामावरून आलेला नवरा उंबरठ्यावरूनच विचारतो, थांबले का? या एका प्रश्नाने तिला दवाखान्यात ढकलले, की डॉक्टरही त्याच कात्रीत सापडतो. पुडी देऊन ‘तीन-चार दिवसांत आपोआप बरे होईल’ म्हणणारा डॉक्टर पेशंटच्या लेखी कुचकामी. समोरच्या गल्लीतला सुई मारतो आणि गोळी देतो, म्हणून तो हुशार. डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण ते विकतात ते आपण मागतो म्हणून, हेही तितकेच खरे.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. प्रश्न बदला. मूल आजारी पडले की ‘जुलाब थांबले का?’ विचारू नका. ‘लघवी कधी झाली?’ असे विचारा. लघवी होत असेल, मूल पीत असेल, तोंड ओले असेल, तर अंगात पाणी आहे; जुलाब आपल्या गतीने जातील. लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश जागेवर जात असेल, शौचात रक्त असेल, मूल सुस्त असेल किंवा पाणी ठरत नसेल, तर मग क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना. आशाताईकडे पुडी असते, जस्ताच्या गोळ्याही असतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ पासून या जस्ताची शिफारस केली आहे. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी पुरे दिवस. आजाराचे दिवस त्याने थोडे घटतात. आणि अंगावरचे दूध, भाताची पेज, मुगाचे वरण, जे मूल खाईल ते चालू ठेवायचे.

आता गोळीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नाहीतर माझा लेख म्हणजे दारू सोडलेल्या माणसाचे कीर्तन होईल. मोठ्या माणसासाठी ही गोळी वाईट नाही. ताप नाही, शौचात रक्त नाही आणि चार तासांचा प्रवास किंवा परीक्षेचा पेपर आहे, तर एक-दोन गोळ्यांनी बिघडत नाही. आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, कॅन्सरच्या काही औषधांनी जुलाब लागलेले रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिच्यावरच घराबाहेर पडू शकतात. ताप आणि रक्त असेल तर मात्र मोठ्यानेही ती घेऊ नये. तेव्हा आत जे आहे ते बाहेर जाणेच हिताचे. लोपेरामाइड भरमसाट घेतल्यास हृदयाचे ठोके चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला आहे. आणि मुलाला मोठ्याची गोळी अर्धी काय, पाव काय, द्यायचीच नाही.

पण याही पलीकडे एक गोष्ट मला छळते. मी ती गोळी का घेत होतो? आजारी पडण्याची मला सवड नव्हती म्हणून. तो शेतकरी गोळीला का भुलला? त्याला त्या दिवशी कर्ज हवे होते, पेरणी तोंडावर होती. सोयाबीनच्या सोंगणीला गेलेल्या बाईला पोट बिघडले तर शिवारात आडोसा नसतो आणि रोज बुडवणे परवडत नाही. तांड्यांवरून कामासाठी परमुलखात जाणारी कुटुंबे पालात राहतात, मिळेल ते पाणी पितात. अशा माणसाला ‘तीन-चार दिवस धीर धरा’ हा सल्ला देणारा मी कोण? थांबवण्याची घाई ही त्याची अडाणी समजूत नाही, ती त्याची गरज आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तीत वाशिम होता. आकांक्षा हा शब्द छान आहे. माझी आकांक्षा एवढीच, की पावसाळ्यात गावच्या टाकीत क्लोरीन पडावे, शौचालयात पाणी असावे आणि रोजंदारीवरच्या आईला मुलाजवळ दोन दिवस बसता यावे. हे नसेल तोवर गोळी विकली जाणारच. आणि हे झाले तर तिची गरजच उरणार नाही, असे नाही, पण निम्मी नक्कीच सरेल.

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून सूनबाईचा फोन आला. नातू दीड वर्षाचा. आवाज रडवेला होता. "बाबा, सकाळपासून सहा वेळा झालं. तुमच्याकडे ती प्रवासातली गोळी असते ना, तिचं नाव सांगता का? अर्धी देऊन बघते." क्षणभर मला बोलवेना. मग विचारले, "शू कधी केली त्याने?"

"आत्ताच केली. सकाळपासून तीनदा."

"रक्त, ताप?"

"नाही."

"पितोय?"

"चमच्याने पितोय. पण थांबत नाहीये हो, बाबा."

"थांबेल," मी म्हणालो. "तू पाजत राहा. गोळीचं नाव मी सांगणार नाही. का नाही, ते आलीस की सांगतो." दिवाळीला ती आली, तेव्हा मानोऱ्याच्या त्या मुलाची हकीकत तिला सांगितली. घरात पहिल्यांदाच.